चवीपुरतं

पाककृती लिहिणारी माणसं मोठी काटेकोर असतात. पीठ किती, तेल किती, पाणी किती, आच मंद ठेवायची की मोठी, झाकण कधी काढायचं, सगळं सांगतात. मिठापाशी आली की मात्र हात झटकतात आणि लिहून मोकळी होतात, 'मीठ चवीपुरतं'. स्वयंपाक शिकायला लागलो तेव्हा मला याचा फार राग यायचा. ज्या एका जिन्नसानं सगळं बिघडू शकतं, नेमकं त्याचंच माप द्यायचं नाही, हा कुठला न्याय? हळद जरा कमीजास्त झाली म्हणून कुणी ताटावरून उठत नाही. मिठाचं तसं नाही.

आता इतकी वर्षं रोजचा स्वयंपाक केल्यावर वाटतं, त्यांचाही नाइलाज असणार. चमचाभर बारीक मीठ साधारण सहा ग्रॅम भरतं. त्याच चमच्यात जाडं मीठ घेतलं तर खड्यांच्या मधल्या पोकळीमुळे ते बरंच कमी भरतं. भांडं पसरट असेल तर पाणी भराभर आटतं, मीठ मात्र आटत नाही, आणि मघाशी अगदी नेमका लागलेला रस्सा वाढेपर्यंत खारट होऊन बसतो. टोमॅटो आंबट निघाले, भाजी जून निघाली, की हिशेब पुन्हा बदलला. पण ही झाली भांड्यातली कारणं. खरी अडचण भांड्याबाहेर बसलेली असते. खाणार कोण आहे? तिखटाबद्दल माणसं आधीच सांगून ठेवतात, मला जमत नाही, जरा बेतानं घाला. गोडाबद्दलही सांगतात. मिठाबद्दल कुणी काही सांगत नाही, कारण प्रत्येकाची खात्री असते की आपलं मीठ तेच बरोबर मीठ. मग करणाऱ्यानं दुसऱ्याच्या जिभेचा अंदाज बांधायचा, आणि तोही स्वतःच्या जिभेवरून. एवढं अवघड काम पुस्तकात कसं लिहिणार?

आमची आजी स्वयंपाक करताना चाखायची नाही. 'चाखत बसलं की जीभ फसते,' असं तिचं म्हणणं. मीठ ती बोटांच्या चिमटीनं घालायची आणि घालताना भांड्याकडे बघायचीसुद्धा नाही. बोलणं चालूच असायचं. घरातल्यांना ही सिद्धी वाटायची. आत्या तर छातीठोकपणे सांगायची की आजीला मिठाचा वास येतो. आता, मिठाला वास नसतो. मला वाटतं त्यातलं गुपित अगदी साधं होतं. तेच पातेलं, तेवढीच माणसं, तीच बरणी आणि तीच चिमूट. पाहुणे आले आणि माळ्यावरचं मोठं पातेलं खाली उतरलं की तिचा तो आत्मविश्वास जरा डळमळायचा. मग ती बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायची, 'अरे, कुणीतरी इकडे या. मीठ बघा जरा.'

ते कुणीतरी बहुतेक वेळा मी असायचो. आजी डाव रश्श्यात बुडवून दोन थेंब माझ्या तळहातावर सोडायची. तळहातावरच, कारण डाव उष्टा होता कामा नये. शिवाय थेंब पसरून लवकर निवतो. तरी चटका बसायचाच. हात झटकावासा वाटायचा, पण झटकला असता तर मान गेला असता. फुंकर मारायची, जीभ टेकवायची आणि वर बघायचं, तर आजी, आई, आत्या सगळ्या आपल्या तोंडाकडे बघताहेत. त्या घरात माझं मत विचारलं जाण्याची दुसरी कुठलीच जागा नव्हती, त्यामुळे मी उगाच वेळ लावायचो. पुन्हा एकदा जीभ लावायचो. आणि फार लवकर माझ्या लक्षात आलं होतं की 'बरोबर आहे' म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी हाक मारत नाही. 'किंचित कमी वाटतंय' म्हटलं की आजी मान डोलवायची, चिमूटभर मीठ पडायचं आणि आपल्या शब्दानं पातेल्यात काहीतरी घडलं याचं समाधान मिळायचं. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनी तेव्हा किती पाणी प्यायलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

आजीच्या 'जीभ फसते'मध्ये तथ्य आहे, हे पुढे कळलं. आपल्या लाळेतच थोडं सोडियम असतं. जीभ त्याला इतकी सरावलेली असते की ते आपल्याला लागतच नाही. त्याच न्यायानं, शेगडीपाशी उभं राहून जो पुन्हा पुन्हा चाखतो त्याची जीभ त्या खारटपणाला सरावते आणि दर खेपेला मीठ थोडं कमीच वाटतं. म्हणून बाहेरून आलेल्या, तोंडात काही नसलेल्या माणसाला बोलावणं हाच शहाणपणा. मी एकटाच असलो तर साध्या पाण्यानं चूळ भरतो, खिडकीपाशी जाऊन येतो आणि मग चाखतो. घरच्यांना हा नखरा वाटतो.

मीठ म्हणजे खारटपणा, एवढंच मला बरीच वर्षं ठाऊक होतं. त्याचं खरं काम खारट लागायच्या आधीच होऊन गेलेलं असतं, हे डाळीनं शिकवलं. डाळ शिजवायची, दोन वाट्यांत काढायची, एकीत मीठ घालायचं आणि दुसरी तशीच ठेवायची. बिनमिठाची डाळ तोंडात घेतली की आधी एक कच्चट, टरफलासारखी कडसर चव येते आणि मग काहीच येत नाही. मिठाची वाटी खारट लागत नाही. ती डाळीसारखी लागते. तिच्यातला गोडवासुद्धा कळतो. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटासा प्रयोग छापून आला होता. कडू आणि गोड पदार्थ एकत्र करून त्यात सोडियमचा क्षार घातला, तर कडूपणा दबतो आणि त्याच्याखाली झाकलेला गोडपणा वर येतो, असं त्यात दिसलं. कलिंगडावर मीठ भुरभुरवणाऱ्यांना आणि कॉफीत कणभर मीठ टाकणाऱ्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती, पण कारण कळलं की बरं वाटतं. उलट मीठ फार झालं की तोंड कसं वाकडं होतं? २०१३ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आढळलं की मीठ एका मर्यादेपलीकडे गेलं की कडू आणि आंबट ओळखणाऱ्या पेशीही जाग्या होतात. कडूपणा दाबणाऱ्या पदार्थानंच शेवटी कडूपणाची घंटा वाजवावी, यात काहीतरी नाट्य आहे खरं.

मीठ कधी घालायचं, यावरून आमच्या स्वयंपाकघरात बरेच वाद झालेत. कांदा परततानाच मीठ घातलं तर त्यातलं पाणी सुटतं, तो लवकर मऊ होतो, पण ते पाणी उडेपर्यंत तांबूस होत नाही. म्हणजे मऊ कांदा हवा असेल तर आधी, खरपूस हवा असेल तर नंतर. यावर आईचं आणि माझं एकमत आहे. कडधान्यावर नाही. आईचा ठाम समज, की मीठ आधी पडलं की दाणा दगड होतो. मी एकदा राजमा मिठाच्या पाण्यात भिजत घातला. सालीतल्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. भिजताना मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, साल मऊ पडते आणि दाणा न फुटता शिजतो. तसाच शिजला. आईनं दोन दाणे बोटांत चिरडून बघितले आणि म्हणाली, 'राजमा नवा होता, म्हणून.' नव्या कडधान्याचा मुद्दा बरोबर आहे, जुनं कडधान्य खरोखरच शिजत नाही, त्यामुळे मला पुढे बोलता येईना. उकळत्या पाण्यात मीठ टाकल्यावर जो फेस उसळतो तो बघून मीठ घातलं की पाणी लवकर उकळतं असंही तिला वाटतं. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम मीठ घातलं तर उकळायचं तापमान उलट वाढतं, आणि तेही एक पंचमांश अंशाहून कमी. हा वाद मी काढलेला नाही. सगळेच जिंकायचे नसतात.

घरातलं एक मोठं जेवण आठवतं. रश्श्यात आत्यानं मीठ घातलं. आत्यानं घातलंय हे माहीत नसल्यामुळे काकूनंही घातलं. मग दोघींनाही शंका आली म्हणून त्यांनी आईला विचारलं, आणि आईनं आजीची आठवण काढून, न चाखताच, 'असू दे थोडं' म्हणत आणखी एक चिमूट टाकली. कळलं तेव्हा पानं मांडून झाली होती. पुढची दहा मिनिटं त्या स्वयंपाकघरात जेवढे उपाय सुचवले गेले तेवढे मी नंतर कुठल्या पुस्तकातही वाचले नाहीत. बटाटा टाका. पिठाचा गोळा टाका. लिंबू पिळा. साखर घाला. बटाट्यावर सगळ्यांची श्रद्धा दांडगी असते. बटाटा मीठ शोषतो हे खरं, पण तो नुसतं मीठ शोषत नाही. मिठाचं पाणी शोषतो, पाण्यासकट. बटाटे बाहेर काढले की तेवढा रस्सा कमी होतो, उरलेला तितकाच खारट राहतो. लिंबू आणि साखर जिभेचं लक्ष दुसरीकडे वळवतात, किंचितच. खरा उपाय एकच, बिनमिठाचा आणखी रस्सा करून त्यात ओतणं. शेवटी तोच झाला, तोही अर्धवट, कारण तेवढं मोठं पातेलं नव्हतं.

पण मला त्या दिवशीचं पुढचं आठवतं ते जास्त. इतकी माणसं जेवायला बसली आणि एकानंही 'खारट झालंय' म्हटलं नाही. भात मात्र पुन्हा पुन्हा मागवला जात होता. पाण्याचे तांबे फिरत होते. करणाऱ्या तिघी दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि जेवणारा प्रत्येकजण ताटाकडे. शेवटी आजोबांनी हात धुता धुता म्हटलं, 'आज पाणी फार छान लागलं.' तिथून पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे खारट भाजीला 'पाणी छान लागणारी' असं म्हणत.

नावडतीचं मीठ अळणी, असं म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्यानं चवीचा चांगलाच अभ्यास केला असणार. मी स्वयंपाक हातात घेतला त्या सुरुवातीच्या काळात बाबा पहिला घास घेऊन म्हणायचे, 'मीठ जरा कमी पडलंय.' एकदा आईनं स्वयंपाक केला आणि मी केला असं त्यांना सांगितलं. मीठ कमी पडलं. दुसऱ्या दिवशी मी केला आणि आईनं केला असं सांगितलं. 'आता कसं!' बाबा म्हणाले. यात त्यांचा दुष्टावा अजिबात नव्हता. त्यांना खरोखरच तसं लागत होतं. काहीतरी खटकतंय, पण काय ते नीट सांगता येत नाही, अशा वेळी माणूस मिठाचं नाव घेतो. ते घेणं सोपं आणि कुणाला फारसं लागत नाही. डाळ फोडणीत कमी परतली गेली, तांदूळ बदलला, आज करणारा दुसराच आहे, या सगळ्या तक्रारी 'मीठ कमी'मध्ये मावतात. अर्थात कधीकधी मीठ खरोखरच कमी असतं. तेवढी सोय करणाऱ्यानं ठेवावी.

लग्नानंतर घरात आणखी एक जीभ आली. माझ्या बायकोच्या माहेरी मीठ बेताचंच. आमचं जेवण तिला सुरुवातीला सरसकट खारट लागायचं, आणि तिनं केलेलं आम्हाला सपक. दोन्ही बाजूंना आपण न्यायाधीश आहोत असं वाटत होतं. खरं तर जन्मलेल्या बाळाला मिठाचं काहीच पडलेलं नसतं. गोड त्याला पहिल्या दिवसापासून आवडतं, कडू नकोसं होतं, पण खारट पाणी दिलं तर त्याच्या तोंडावर फारसं काही उमटत नाही. ती आवड चार-सहा महिन्यांच्या सुमारास दिसायला लागते आणि मग घर जे भरवेल त्याप्रमाणे ठरत जाते. म्हणजे ज्याला मी 'बरोबर मीठ' म्हणत होतो ते माझं नव्हतंच. आजीच्या त्या चिमटीचं होतं. बायकोचंही तिच्या आजीचं असणार. आम्ही दोघं दोन म्हाताऱ्यांच्या वतीनं भांडत होतो.

मधला मार्ग तिनंच काढला. मीठ कमीच घालायचं, आणि ज्याला हवं त्यानं वरून घ्यायचं. टेबलावर मिठाची डबी आली. आईला हा सरळ अपमान वाटला. जेवणाऱ्याला वरून मीठ घ्यावं लागलं म्हणजे करणाऱ्याचा हात चुकला, असा तिचा हिशेब. ती डबी दर जेवणानंतर ओट्यावर जायची आणि पुढच्या जेवणाला बायको पुन्हा टेबलावर आणून ठेवायची. दोघी त्याबद्दल एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मीही मधे पडलो नाही.

हे सगळं असंच चाललं असतं, पण बाबांचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. बाबा म्हणाले, आमच्याकडे मीठ कमीच असतं. डॉक्टर म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असा, की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. जगाची सरासरी साधारण १०.८ ग्रॅम, म्हणजे दुपटीहूनही जास्त. मिठात वजनानं सुमारे चाळीस टक्के सोडियम असतं. पाकिटावर नुसतं सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. हे गणित मी घरी आल्याआल्या बिस्किटांच्या पुड्यांवर, ब्रेडच्या पिशवीवर, तयार सूपच्या पाकिटावर करत सुटलो. गोड बिस्किटातसुद्धा मीठ निघालं तेव्हा बाबांना जरा धक्का बसला. पण डबाबंद खाणं आमच्याकडे कमीच. जिथं रोज घरी रांधून खातात तिथं बहुतेक मीठ स्वयंपाकघरातल्या हातानंच पडतं. म्हणजे माझ्याच.

सुरुवातीला आम्ही दोन भांडी केली, एक घराचं आणि एक बाबांचं. हे फार वाईट होतं. बाबांच्या भांड्यातलं जेवण अळणी होतं म्हणून नव्हे, तर ते वेगळं होतं म्हणून. त्यांच्या पुढ्यात छोटं पातेलं यायचं, बाकी सगळे मोठ्या पातेल्यातलं वाढून घ्यायचे, आणि ते मधूनच नातवंडाच्या ताटाकडे बघत विचारायचे, 'तुमचं कसं झालंय रे?' कसं झालंय ते त्यांना ठाऊक होतं. आईला ते बघवेना, म्हणून ती गुपचूप त्यांच्या भातावर मोठ्या पातेल्यातला डावभर रस्सा घालायची. मग दोन भांड्यांचा उपयोग काय?

शेवटी एकच भांडं ठेवायचं ठरलं, सगळ्यांसाठी कमी मिठाचं. अंदाजावर कुणाचाच विश्वास राहिला नव्हता, म्हणून मी वजनकाटा काढला. मोठी माणसं चार, वीस ग्रॅम. त्यातून ब्रेड, बिस्किटं आणि लोणचं यांच्या नावानं चार वजा. उरलेलं सोळा ग्रॅम मीठ सकाळी एका वाटीत काढून ओट्यावर ठेवायचं आणि दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्यातच करायचा. नातवंडाचं वेगळं काही नाही, तेही यातच. पहिल्या दिवशी ती वाटी बघून आई कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, 'एवढंसं?' वाटीचा तळसुद्धा धड झाकला गेला नव्हता.

आणि मग एक गंमत झाली. ज्या मिठाकडे आम्ही आयुष्यभर लक्षही न देता बरणीत चिमूट घालत आलो होतो, ते मोजकं झाल्याबरोबर प्रत्येक चिमटीचा विचार सुरू झाला. भात शिजवताना मीठ हवंच का, शेजारी रस्सा आहे की. कोशिंबिरीत आधी घातलं तर पाणी सुटतं आणि अर्धं त्या पाण्याबरोबर वाटीच्या तळाशी राहतं. तेच ऐनवेळी वरून घातलं तर निम्म्यात भागतं. हे खरंच आहे. पदार्थाच्या आत मुरलेलं मीठ जिभेपर्यंत सगळं पोचतच नाही, घास तसाच गिळला जातो. वर भुरभुरवलेला कण मात्र थेट जिभेवर येऊन विरघळतो. मग मी शिजवताना आणखी हात आखडला आणि ते वाचलेलं मीठ वरून घालायला ठेवलं. लिंबू वाढलं. मिरी वाढली. भाज्या परतताना जरा जास्त खरपूस व्हायला लागल्या. आईनं हे सगळं बारकाईनं बघितलं आणि एके दिवशी स्वतःहून म्हणाली की वांगं आधी भाजून घेतलं तर मीठ कमी लागतं. तेव्हा मला कळलं की तिच्यालेखी ही आता शिक्षा उरलेली नाही. तिला कोडं मिळालंय.

बाबांचं वेगळंच. ते आयुष्यभर हिशेबाच्या नोकरीत होते. त्यांनी मागणी केली की त्यांच्या वाट्याचा एक ग्रॅम त्यांना रोख मिळावा. म्हणजे रोज सकाळी सोळातला एक ग्रॅम त्यांच्या छोट्या डबीत घालायचा आणि त्याचं काय करायचं ते त्यांचं ते बघतील. बायकोला हसू आलं, मला काळजी वाटली. हातात डबी दिली तर भांड्यात वाचवलेलं सगळं ताटात जाणार नाही का? यावर एक जुना प्रयोग आहे, १९८७ मध्ये छापलेला. लोकांच्या जेवणातलं मीठ बरंच कमी केलं आणि त्यांच्यापुढं मिठाची डबी ठेवून हवं तेवढं वरून घ्यायची मोकळीक दिली. जेवढं सोडियम काढून घेतलं होतं त्याच्या एक पंचमांशाइतकंही त्यांनी वरून परत घेतलं नाही. बाबांना मी हे सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी डबी मोठी मागितली असती.

डबी मिळाल्यापासून ते मिठाचे जाणकार झाले. सकाळी फोडीवर दोन कण. दुपारी काहीच नाही, कारण दुपारचा रस्सा आंबट असतो, त्याला चालतं. संध्याकाळची काकडी मात्र त्यांच्यासाठी दिवसाचा मुख्य प्रसंग. चार चकत्या ताटात मांडायच्या, डबी उघडायची, बोटाच्या टोकावर मीठ घ्यायचं आणि उंचावरून सोडायचं, म्हणजे सगळीकडे सारखं पडतं. मग डबी बंद करून ती कानाशी हलवून बघायची. किती उरलं ते त्यांना आवाजावरून कळतं म्हणे. आत्या असती तर म्हणाली असती, आजीवर गेला.

सुरुवातीचे आठवडे सगळ्यांनाच जड गेले. जेवण झाल्यावरही जेवल्यासारखं वाटायचं नाही, रात्री उगाच काहीतरी कुरकुरीत शोधत फिरावंसं वाटायचं. मग ते कधी थांबलं ते कळलं नाही. कमी मिठावर काही महिने राहिलं की जिभेची आवडच खाली सरकते, हे १९८२ मध्ये प्रयोग करून दाखवलेलं आहे. ज्यांना आधी सूप अमुक इतकं खारट आवडायचं त्यांना नंतर त्याहून कमी खारट आवडू लागलं. आमच्याकडे ते असं कळलं की एकदा सगळे मिळून बाहेर जेवायला गेलो आणि बाबांनी सूपचा पहिला चमचा घेतल्याबरोबर पाण्याचा ग्लास उचलला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला हे लग्नाच्या दिवसापासून म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही, हे मी तिचं मोठेपण समजतो. आई मात्र म्हणाली, 'खारट कुठे आहे, ठीक आहे की.' आणि अर्धं सूप तिनं तसंच ठेवलं.

मी दुसरंही एक मीठ आणायच्या बेतात होतो, ज्यात थोडं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घालतात. त्याची चव किंचित कडसर असते, पण रश्श्यात खपून जाते. चीनमध्ये सहाशे खेड्यांतल्या जवळपास एकवीस हजार लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. हे वाचून मी उत्साहानं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी बघितली आणि नको म्हणाले. रक्तदाबाच्या काही गोळ्या मुळातच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात, मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते साठतं, आणि ते हृदयाला बरं नाही. चांगली वस्तू, पण या माणसासाठी नाही. तेव्हा आमचं साधंच मीठ राहिलं, सोळा ग्रॅम.

वयाबरोबर जीभ बोथट होत जाते आणि नाक तर तिच्याहून जास्त. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचा हात मिठाच्या बाबतीत सैल सुटतो, असं म्हणतात. आमच्याकडे सध्या उलट चित्र आहे. हल्ली मीठ बघायला मी नातवंडाला नाही, बाबांना हाक मारतो. ते काठी टेकत येतात, तळहात पुढे करतात. मी दोन थेंब सोडतो. ते फुंकर मारतात, जीभ लावतात, मुद्दाम वेळ लावतात. आणि काहीही लागलं तरी 'जास्त झालंय' म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबानं भांड्यात वाचलेलं मीठ डबीत यायला हवं.

त्या डबीचाच आता नवा प्रश्न उभा राहिलाय. रोजचा ग्रॅम काही रोज संपत नाही. बाबा उरलेलं साठवायला लागले आणि रविवारी एकदम वापरायला लागले. आई म्हणाली, कालचं काल संपलं, डबी रोज रिकामी करायची. बाबा म्हणाले, शिल्लक ही पुढच्या खात्यात ओढायचीच असते, जगात सगळीकडे हाच नियम आहे. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून प्रकरण पुढच्या तपासणीला थेट डॉक्टरांपुढं गेलं. बाबांनी डबी सोबत नेली होती. डॉक्टरांनी ती उघडून बघितली, रक्तदाबाचा कागद बघितला आणि म्हणाले, 'आठवड्याची सरासरी धरायला हरकत नाही. पण साठवून एकाच जेवणात उडवायचं नाही. आणि पुढच्या आठवड्यातलं उसनं तर मुळीच घ्यायचं नाही.'

घरी येताना रिक्षात बाबांनी मला विचारलं, 'महिन्याची सरासरी धरली तर चालेल का, हे विचारायचं राहिलं नाही?'